मिठागरात शिकलेली स्पॅनिश

माझे वडील परशुराम कर्णिक ठाण्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवीत. चरईत आमचं घर होतं. आम्ही मुलं त्यांना नाना म्हणायचो, बाहेर ते कर्णिक मास्तर. मास्तर विलायतेला जाऊन आलेत हे गावाला ठाऊक होतं; पण नाना स्वतः विलायतेचं नाव फारसं घेत नसत. ते बोलत ते भलत्याच एका गावाबद्दल. स्पेन देशाच्या दक्षिण टोकाला काडिझ नावाचं बंदर आहे. त्याच्या उपसागराकाठी मिठागरांचं एक लहान गाव, तिथे नाना वर्षभर राहिले होते. "मँचेस्टरनं मला सर्टिफिकेट दिलं," ते म्हणायचे, "पण मला जगवलं त्या गावानं."

लोकांना वाटे, मास्तर आपले उगाच सजवून बोलताहेत. तसं नव्हतं. गोष्ट अगदी तशीच घडली होती. काही मी नानांच्या तोंडून ऐकली, काही आईकडून, आणि थोडी धाकूकाकांकडून.

धाकूकाका म्हणजे कोपरीच्या मिठागरातले आगरी. नानांचे लहानपणापासूनचे मित्र. आमचे आजोबा कचेरीत कारकून, घरात मिठाचा संबंध जेवणापुरता. पण नाना शाळा सुटली की धाकूबरोबर खाडीवर पळायचे. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत कसं घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं सोडायचं, उन्हात ते हळूहळू कसं जड होत जातं, हे सगळं नानांनी रसायनशास्त्र हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी पाहिलं होतं. पुढे मुंबईच्या कॉलेजात ते तोच विषय घेऊन बसले.

त्याच सुमारास मांडवीवरच्या एका भाटिया शेटजींना एक प्रश्न पडला होता. आपल्याकडचं मीठ काळपट निघतं, पावसाळ्यात पाझरतं, चवीला थोडं कडवट लागतं. कलकत्त्याचं गिऱ्हाईक मात्र विलायतेहून येणारं पांढरंशुभ्र मीठ मागतं. असं का? कॉलेजातल्या कुणीतरी त्यांना नानांचं नाव सांगितलं. शेटजींनी आणखी दोघा-तिघा व्यापाऱ्यांना बरोबर घेतलं आणि नानांना शिकायला विलायतेला पाठवायचं ठरवलं.

आजोबा तोवर वारले होते. आजीचं, मंजुळाबाईंचं, मन वळवायला नातेवाईक घरी आले. नानांचे धाकटे चुलते म्हणाले, "वहिनी, समुद्र ओलांडला की पोर जातीतून गेलं म्हणून समजा."

आजी म्हणाली, "भावजी, तो मिठासाठी चाललाय. मीठ समुद्रातूनच येतं ना? ते रोज तुमच्या पानात पडतं तेव्हा नाही कुणाची जात जात?"

भावजी चहा न पिता उठून गेले. पण माणसं गेल्यावर आजीने नानांना जवळ बसवलं आणि एवढंच मागितलं, "काय खाशील ते खा. पण आजारी पडलास तर कुणाच्या तरी घरात पड. एकटा कुठे पडू नकोस."

नानांचं लग्न तेव्हा झालेलं होतं. आई अजून लहान होती आणि कल्याणला माहेरीच होती. नाना निरोप घ्यायला गेले तर ती माजघरातून बाहेर येईना. शेवटी तिची थोरली बहीण, रतनमावशी, हसू दाबत बाहेर आली आणि म्हणाली, "गोदा विचारतेय, तिकडे मासे मिळतात का?"

"मिळत असतील," नाना म्हणाले. दाराआडून बांगड्या वाजल्या. निरोप झाला.

मँचेस्टरला नानांनी दोन हिवाळे काढले. धूर, ओल, आणि प्रयोगशाळेतल्या बाटल्या. लोक वाईट नव्हते, पण कोणी कोणाच्या घरी जात नसे. त्यांचे प्रोफेसर एक दिवस म्हणाले, "तू मीठ बाटलीत पाहतोयस. काडिझला जा. तिथे तुमच्यासारखंच समुद्राचं पाणी उन्हात आटवतात, आणि त्यांचं मीठ पांढरं असतं. एक हंगाम राहा, बघ, मग प्रबंध लिही." प्रोफेसरांच्या ओळखीचे एक इंग्रज दारू-व्यापारी त्या मुलखात होते. त्यांनी राहायची सोय लावली, आणि १८८५ च्या मार्चमध्ये नाना खेचराच्या गाडीतून त्या गावात उतरले.

ओहोटीची वेळ होती. चिखलाचा वास आला. समोर बांध, पाण्याचे चौकोन, मधूनच एखादा बगळा, आणि लांबवर मिठाच्या पांढऱ्या राशी. नाना गाडीची दांडी धरून तसेच उभे राहिले. गाडीवान पेटी घेऊन पुढे गेला तरी यांचा पाय हलेना. कोपरीच जशी कुणी उचलून तिथे नेऊन ठेवली होती.

त्यांचं बिऱ्हाड रेमेदिओस नावाच्या विधवेच्या घरात होतं. चाळिशीची बाई, लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. तिचा नवरा सैन्यातून क्यूबाला गेला आणि तिथल्या तापाने गेला. घरात ती आणि तिचा म्हातारा सासरा क्रिस्तोबाल. हा क्रिस्तोबाल मिठागराचा मुकादम होता. दोघांनाही इंग्रजीचा गंध नव्हता, आणि नानांनी मँचेस्टरला स्पॅनिशचं जे पुस्तक वाचलं होतं त्यातली वाक्यं राजाच्या दरबारात बोलायची होती.

पहिले काही दिवस खाणाखुणांवर गेले. मग एकदा दार करकरत होतं म्हणून रेमेदिओस तेलाची वाटी घेऊन आली आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "बिसाग्रा."

"बिजागरी!" नाना ओरडलेच.

"बिसाग्रा," तिने समजावलं.

"बिजागरी, बिजागरी," नाना हसत सुटले. मग दोघं घरभर फिरले. साबण दाखवला, ती म्हणाली "खाबोन". खमीस दाखवला, "कामीसा". मेज दाखवलं, "मेसा". पगार हा शब्द उच्चारला तर ती चमकली, कारण पैसे देण्याला त्यांच्याकडे "पागार" म्हणतात. ठाण्या-वसईवर पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं राज्य केलं, आणि पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी. राज्यकर्ते गेले तरी त्यांचं सामान आपल्या घरात राहिलं होतं. नाना म्हणायचे, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही भाषा मला येईल.

व्याकरणही त्यांना घरचंच वाटलं. आम्हाला ते असं समजावून सांगायचे. "इंग्रजीत मी माशाला आवडून घेतो. सगळी मेहनत माझी. स्पॅनिशमध्ये मासा येऊन मला आवडतो. 'मे गुस्ता'. मला आवडतं. अगदी आपल्यासारखं! कर्ता मासा, आणि मी आपला बाजूला 'मला' होऊन बसलेला." तसंच चांगला-चांगलीचं. तिकडे 'बुएनो' आणि 'बुएना'. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे 'तू'. स्पॅनिशमध्ये 'तू'ला 'तू'च म्हणतात! पण परक्याला, मोठ्याला 'उस्तेद' म्हणायचं, म्हणजे आपलं 'तुम्ही'. रेमेदिओस आणि क्रिस्तोबाल नानांना कायम 'उस्तेद' म्हणत. शिकलेला परदेशी माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? नानाही त्यांना तसंच म्हणत.

दिवसा नाना क्रिस्तोबालबरोबर मिठागरात असायचे. मीठ धरल्यावर वाफ्यात जे पाणी उरतं त्याला तिथले लोक 'आग्वास माद्रेस' म्हणतात, आईचं पाणी. मीठ त्याच्या पोटातून जन्मतं म्हणून. पण ते पाणी वेळेवर काढून टाकावं लागतं. उशीर झाला तर त्यातला कडू अंश मिठात उतरतो, मग मीठ पाझरतं. नानांनी या कडू अंशाचं नाव आणि वजन पुस्तकात वाचलं होतं. आता ते पाणी सोडायची वेळ डोळ्यांनी बघायला मिळाली. क्रिस्तोबाल बोटं बुडवून एकमेकांवर चोळून बघायचा, नाना पाण्याचा जडपणा मोजणारी काचेची नळी सोडायचे. मग दोघं आपापलं उत्तर सांगायचे. कधी म्हातारा बरोबर, कधी नळी. हरला की म्हातारा नळीला शिवी द्यायचा, आणि नाना ती शिवी टिपून घ्यायचे.

उन्हाळ्यात व्हॅलेन्सियाकडून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, बातमी आली. आधी लांबची, मग शेजारच्या जिल्ह्यातली. ऑगस्टमध्ये गावात पहिला माणूस गेला. या रोगाला तिकडे 'मोर्बो आसियातिको' म्हणत, आशियातला रोग. आणि गावात आशियातला माणूस एकच होता.

मुलं नानांच्या मागून यायची बंद झाली. विहिरीवर रेमेदिओस गेली की बाया आपापले घडे उचलायच्या. पाववाल्याने तिचा पाव हातात न देता उंबऱ्यावर ठेवला. एके दुपारी बरीच माणसं दाराशी आली. त्यातला एक धिप्पाड माणूस, जो मिठागरातच काम करायचा, म्हणाला, "त्याला स्टेशनवर पोचवा. गाडी आम्ही देतो. भांडण नको."

क्रिस्तोबाल दारात खुर्ची टाकून बसला होता. तो उठलासुद्धा नाही. "हा मार्चमध्ये आला. आता ऑगस्ट आहे. इतके महिने तो रोग काय याच्या पेटीत झोपला होता?"

"पण रोग त्याच्याच देशातून येतो ना?"

रेमेदिओस ओल्या कपड्यांचं टोपलं घेऊन मागच्या दाराने आत आली होती. ती पुढे झाली. "माझा नवरा क्यूबाच्या तापानं मेला. तो ताप क्यूबातल्या कुठल्या माणसानं लावला त्याचं नाव मला सांगा. मी त्याच्या दारात जाऊन उभी राहते, जसे तुम्ही माझ्या दारात उभे आहात."

हळूहळू माणसं पांगली.

नानांनी आतून सगळं ऐकलं होतं. आपल्यामुळे या दोघांचं गाव तुटतंय हे त्यांना बघवेना. दुसऱ्या दिवशी आपणच निघून जायचं असं त्यांनी ठरवलं आणि पेटी भरली. पण सकाळी त्यांना उठवेना. पोटात कळ आली, उलट्या सुरू झाल्या. कसेबसे अंगणात विहिरीपर्यंत गेले आणि तिथेच पडले. रेमेदिओस धावत आली. नानांनी हात हलवून तिला लांब राहायला खुणावलं. "जवळ येऊ नका," त्यांनी 'उस्तेद' लावून नीट व्याकरणशुद्ध सांगितलं.

ती म्हणाली, "गप्प बस तू."

तिने वाकून त्यांच्या काखेत हात घातले आणि म्हाताऱ्याच्या मदतीने त्यांना आत नेलं, ते क्रिस्तोबालच्या खाटेवर. त्यानंतर तिने त्यांना कधी 'उस्तेद' म्हटलं नाही.

गावचा डॉक्टर एकदा येऊन अफूचे थेंब देऊन गेला. त्याला दमही घ्यायला वेळ नव्हता. नानांचे डोळे खोल गेले, आवाज बसला. त्यांना लहानपणीची आठवण झाली. पोट बिघडलं की आजी पेज द्यायची, पातळ, मीठ घातलेली, वाटीमागून वाटी. त्यांच्याकडे शब्द तीनच होते. "आरोस. आग्वा. साल." तांदूळ, पाणी, मीठ. रेमेदिओसने केलेला पहिला भात घट्ट झाला. नानांनी मान हलवली. "पाणी अजून." मग तिला समजलं. तिने गाळून दिलेली ती पेज ते चमच्याने घेत राहिले. ओकले की पुन्हा घेत. दोन दिवस ती त्यांच्या उशाशी होती. म्हातारा चुना टाकून जमीन धूत होता आणि देवाशी मोठमोठ्याने भांडत होता. तिसऱ्या दिवशी नानांना घाम आला आणि झोप लागली.

रेमेदिओसने मग गल्लीतल्या आजाऱ्यांनाही पेज करून दिली. ज्या बाया घडे उचलून गेल्या होत्या त्यांच्याही घरी. कोण कशानं वाचलं ते देव जाणे. पण काही वाचले.

क्रिस्तोबाल मात्र वाचला नाही. नाना हिंडू-फिरू लागले त्याच आठवड्यात म्हाताऱ्याला लागण झाली आणि एका दिवसात तो गेला. पेज त्याच्या पोटात टिकलीच नाही. पुरून आल्यावर नाना अंगणात बसून राहिले. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, "माझ्यामुळे झालं का हे? माझ्या खाटेजवळ होते ते."

रेमेदिओस कपडे पिळत होती. ती थांबली नाही. "रोग पाण्यातून आला असेल, हवेतून आला असेल, नाहीतर देवानं धाडला असेल. तू खेचराच्या गाडीतून आलास, मी स्वतः बघितलं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला तुझी ती नळी आवडायची. सांगायचा नाही."

सप्टेंबर लागला. मीठ गोळा करायची घाई होती, पाऊस आला असता तर हंगाम बुडाला असता, आणि निम्मी माणसं खाटेवर किंवा मातीत. नाना अनवाणी वाफ्यात उतरले. मिठाच्या पाण्याने तळपाय फुटले. ज्या धिप्पाड माणसाने त्यांना स्टेशनवर पोचवायला गाडी देऊ केली होती, तोच जवळ आला, त्यांच्या हातातलं लांब दांड्याचं फावडं नीट धरवून दिलं आणि म्हणाला, "असं ओढ. पाठ मोडेल नाहीतर." माफी वगैरे कुणी मागितली नाही. दुपारी त्याने आपल्यातला कांदा अर्धा करून दिला. त्या महिन्यात नाना जी स्पॅनिश शिकले ती पुस्तकातली नव्हती. शब्दांच्या शेवटचा 'स' गिळायचा, अर्धं वाक्य हातवाऱ्यांनी पुरं करायचं, आणि शिव्या तर विचारूच नका.

पुढच्या वसंतात ते निघाले. रेमेदिओसने पेटीत साबणाच्या वड्या भरून दिल्या. नाना 'ग्रासियास' म्हणाले, तर तिने कपाळाला आठ्या घातल्या. "घरातल्या माणसाला कोणी ग्रासियास म्हणतं का?" नानांनी एक वर्ष जे केलं नव्हतं ते तेव्हा केलं. ते म्हणाले, "तू जप स्वतःला." 'तू'. आणि गाडीत बसले.

मँचेस्टरला प्रबंध देऊन नाना ठाण्याला परत आले. जातीचा प्रश्न निघालाच. प्रायश्चित्त ठरलं, मुंडन झालं, पंचगव्य झालं. आजी पाटावर पान मांडून बसली होती. भटजींना म्हणाली, "उरका हो लवकर. पोराला भूक लागलीय."

धाकूकाकांनी नानांना कोपरीत दोन वाफे दिले. नानांनी कडू पाण्याचं सगळं सांगितलं. काका म्हणाले, "आयचा पानी? नाव बरा हाय. पन आय कडू झाली का सोरून द्यायची, ह्या काय बरा नाय." तरी त्यांनी नानांच्या सांगण्याप्रमाणे केलं, वाफ्याची जमीन तुडवून घट्ट केली, पाणी वेळेवर सोडलं. मीठ खरंच पांढरं आलं, आणि श्रावणातही कोरडं राहिलं. दोघं मित्र ते हातात घेऊन नाचले, असं आई सांगते. पण शेटजींचं लक्ष तोवर कापसाच्या गिरणीकडे वळलं होतं, आणि बाकीच्या आगरांचं मीठ एकाच राशीत जात असल्याने कुणाला वेगळी मेहनत परवडेना. ते शहाणपण धाकूकाकांच्या चार-सहा वाफ्यांत राहिलं. नानांनी शाळेत नोकरी धरली. त्यांना त्याची खंत होती असं मला कधी दिसलं नाही. वर्षातून एकदा गावच्या पाद्र्याच्या हातचं, रेमेदिओसने सांगून लिहवलेलं पत्र यायचं, त्या दिवशी ते जेवताना गुणगुणायचे.

आई नांदायला आली तेव्हा घरात वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने बोलायची पद्धत नव्हती. नानांनी आईला हळूहळू थोडे स्पॅनिश शब्द शिकवले. मग सगळ्यांच्या देखत नाना एखादा शब्द टाकायचे आणि आई आत जाऊन हसायची. आजीला समजायचं नाही असं दोघांना वाटे. आजी एकदा धाकूकाकांना म्हणाली, "काय बोलतात ते कळत नाही, पण काय चाललंय ते कळतं बरं."

१८९७ साली प्लेग आला. शाळा बंद झाली. नाना आम्हाला घेऊन कल्याणला आईच्या माहेरी गेले, आणि तिथल्या सगळ्यांबरोबर आम्ही गावाबाहेर मोकळ्या रानात झोपड्या बांधून राहिलो. कल्याण स्टेशनवर त्या वेळी मुंबईहून येणाऱ्या गाड्या थांबवून उतारूंना तपासत. ताप किंवा गाठ दिसली की माणसाला बाजूला काढून छावणीत नेत. स्टेशनवर तारेच्या कामावर काळुराम नावाचा तरुण होता, नानांचा जुना विद्यार्थी. एके सकाळी तो धापा टाकत झोपडीशी आला.

"मास्तर, चला. एक सर्कस पुण्याला चाललीय. त्यातली एक गोरी बाई आहे, तिच्या मुलीला ताप आहे, जांघेत गाठ आहे. डॉक्टरसाहेब मुलीला नेऊ म्हणतात, बाई सोडत नाही. किंचाळतेय. इंग्रजी येत नाही तिला. मॅनेजर म्हणतो, स्पेनची आहे."

नानांनी आईकडे पाहिलं. झोपडीत आम्ही चार पोरं होतो. आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "आल्यावर कपडे बाहेरच काढा. पाणी तापवून ठेवते."

स्टेशनवर ती बाई मुलीला मिठी मारून भिंतीला टेकून बसली होती. भोवती शिपाई. डॉक्टर इंग्रज होता, दिवसभर माणसं तपासून थकलेला, पण वाईट नव्हता. नाना तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी विचारलं, "काय झालं? मला सांग."

ती डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत राहिली. पागोटं, उपरणं, कानाला लावलेली पेन्सिल. मग रडता रडताच हसायला लागली. "देवा रे! हा तर मिठागरवाल्यांसारखा बोलतो!"

ती मालागाची होती, स्पेनच्या त्याच दक्षिण मुलखातली. दोरावर चालायची. मग तिने भडाभडा सगळं सांगितलं. मुलीच्या पायात मागच्या आठवड्यात खिळा घुसला होता. पाय सुजला, मग ताप आला. गेले काही तास ती लोकांना पाय, पाय म्हणून सांगत होती, आणि लोकांना वाटत होतं ती शिव्या देतेय. नानांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी मोजा काढायला लावला. तळव्याला पू धरलेला होता, आणि तिथून लाल रेघ पोटरीवरून वर गेली होती. गाठ त्याच बाजूच्या जांघेत.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. "ही गाठ पायाची असू शकते," ते म्हणाले. "पण मी खात्री होईपर्यंत तिला सोडणार नाही. इतर रोग्यांपासून वेगळ्या झोपडीत ठेवतो. आई बरोबर राहू दे. आणि तुम्ही रोज या."

नाना रोज गेले. पाय धुऊन, चिरून, पट्टी बांधून झाली. आमची आई पेज आणि तळलेल्या बोंबलाचा डबा द्यायची. मुलीचा ताप उतरला, गाठही बसली. त्या दिवसांत इतर उतारूंचे निरोप नातेवाइकांना सांगायला, घाबरलेल्यांना तपासणी समजावून सांगायलाही नानाच असत. प्लेगचा जोर ओसरेपर्यंत ते तिथे जात राहिले.

सर्कसवाली बाई पुण्याच्या गाडीत बसली तेव्हा आई स्टेशनवर गेली होती. बाईने सगळ्यांसमोर आईला मिठी मारली आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. आई लाजून लाल झाली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि स्पॅनिशमध्ये तिला अख्खं असं एकच वाक्य येत होतं. ती म्हणाली, "जेवण तयार आहे." ती बाई इतकी हसली की डोळे पुसायला तिने आईचाच पदर घेतला. गाडी सुटली तरी मुलगी खिडकीतून हात हलवत होती.

परत येताना रानातल्या वाटेवर नाना म्हणाले, "अगं, त्या दिवशी तू नको म्हणाली असतीस तर मी गेलो नसतो."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "म्हणून तर म्हटलं नाही." आणि पोरं एकटी आहेत म्हणून ती भराभर पुढे चालायला लागली.